उसनं वाक्य

काद्झो, तुझं पहिलं वाक्य मी एका सोमवारी चोरलं.
मोम्बासा बंदराकडे तोंड केलेला तिसरा मजला,
लिलावाच्या आधीची बैठक, पंखा नुसता फिरतोय,
आणि ओम्बोगोसाहेब विचारतोय,
डोंगराकडच्या चहाला यंदा भाव का मिळत नाही?
तू म्हणालीस, पानं नीट कोमेजू देत नाहीत, घाई करतात.
इतक्या हळू, की फक्त शेजारच्या खुर्चीला ऐकू गेलं.
शेजारच्या खुर्चीत मी होतो.
मी घसा खाकरला, तेच मोठ्यानं म्हणालो,
वर एक विनोद ठेवून दिला.
टेबल हसलं. शाबास, अथमान.
तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस,
वहीत काहीतरी लिहिलंस.
मला वाटलं, माझं नाव.
खूप नंतर कळलं, पाण्याचं तापमान होतं.

सकाळी चाखायच्या खोलीत तू वेगळीच असायचीस.
पांढऱ्या कपांची लांबलचक रांग,
चमच्यावरून ओढलेला तो सुर्र घोट —
अख्ख्या कंपनीत तुझा मोठा आवाज तेवढाच.
घोट, थुंकी, पुढचा कप.
दिवसाला दोनशे, कधी तीनशे.
तुझी जीभ केवढी बोलायची,
फक्त आमच्याशी नाही.

वर्षाअखेरीस तुला शेरा मिळाला:
काम उत्तम. पुढे येत नाही.
मग तुला नैरोबीला धाडलं, दोन दिवसांच्या शिबिराला,
जिथे अनोळखी माणसांना टाळ्या देत
स्वतःचे तीन गुण ओरडून सांगायचे होते.
परतलीस, आणि आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत
जिन्यातल्या त्या खिडकीशी उभी राहिलीस
जिथून फेरीबोट येताना-जाताना दिसते.
मी जाता जाता विचारलं, काय, मौनव्रत?
नाही, म्हणालीस. रिकामी झालेय. भरतेय.

बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात म्हणतात.
माझे धडाधड खपत होते,
तुझे गहू पोत्यात पडून.
आणि आता लपवून काय करू,
त्या कुळथात निम्मे दाणे तुझ्याच गव्हाचे होते.

तू ओरडायला शिकली नाहीस.
तू बैठकीच्या आदल्या संध्याकाळी
अर्धं पान पाठवायला लागलीस, चारच जणांना.
नमस्कार-चमत्कार नाही.
कुठला माल, जीभ काय म्हणाली,
किती भाव येईल असं वाटतं,
खाली पूर्ण नाव: काद्झो चारो.
पहिले दोन आठवडे ते फक्त मी वाचलं.
मला उद्याचं वाक्य हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी घसा खाकरला,
वाक्य म्हणालो, विनोदही ठेवला,
आणि ओम्बोगो कागदावरून मान न उचलता म्हणाला,
हे वाचलंय मी, काद्झोचं. पुढे?

पुढे माझ्याकडे काही नव्हतं.
खोली गप्प झाली
आणि मी अंधारात चाचपडल्यासारखा झालो.
तू त्या शांततेत राहतेस, तुला ठाऊक आहे
तिथे कुठे काय ठेवलंय.
तू बोललीस. दोन वाक्यं असतील.
कुणी मध्ये तोडलं नाही,
तोडायला फटच नव्हती.

आज तू आमची प्रमुख आहेस.
बैठकीत पहिली दहा मिनिटं सगळे नुसतं वाचतात,
आणि मला अजून ती दहा मिनिटं
चपलेत खडा गेल्यासारखी वाटतात.
माझी माफी मी कधी मागितली नाही.
एकदा मागायला आलो होतो, तू चाखत होतीस,
बोटानं थांब म्हणालीस, मी थांबलो,
मग कुणाचा तरी फोन आला आणि ते राहून गेलं.

पण तुझ्या बढतीच्या पार्टीत,
केक कापून सतरा मिनिटं झाली तेव्हा
तुझी नजर मागच्या दाराकडे गेलेली मी पाहिली.
कुणीतरी ओरडलं, भाषण, भाषण!
मी खुर्चीवर चढलो,
माझ्या मामाच्या बुडालेल्या होडीची गोष्ट काढली
(होडी बुडाली नव्हती, मामाला पोहता येत होतं)
आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळवून
मोठमोठ्यानं हसत राहिलो,
जिन्यावरची तुझी पावलं
ऐकू येईनाशी होईपर्यंत.